पोर्टलवरचा आकडा आणि गटाराचं झाकण

गेल्या दिवाळीत गावी गेलो होतो. मारुतीच्या देवळाकडे जाणाऱ्या आमच्या बोळात बंदिस्त गटाराचं काम झालं आहे. बोळाच्या तोंडापासून निम्म्यापर्यंत झाकणं बसली आहेत. पुढे गटार उघडंच आहे आणि दिवेलागणीनंतर तिथून जाताना म्हातारी माणसं भिंतीला हात लावून चालतात. चुलतभावाने मोबाइलवर ‘ई-ग्रामस्वराज’चं पान काढून दाखवलं. काम पूर्ण, बिल अदा, सोबत फोटो. फोटो काढणारा बोळाच्या तोंडाशी उभा राहिला होता, त्यामुळे चौकटीत जेवढं मावलं तेवढं काम खरंच झालेलं दिसत होतं. काकूने चष्मा लावून तो फोटो बराच वेळ पाहिला आणि विचारलं, “यात आपलं घर कुठाय रे?”

आमचं घर बोळाच्या दुसऱ्या टोकाला आहे.

ग्रामपंचायतीच्या पैशाचा हिशेब आता घरबसल्या बघता येतो, ही मला फार मोठी गोष्ट वाटते. पंधरा वर्षांपूर्वी काकूला तो फोटोही दिसला नसता आणि किती रुपये खर्ची पडले हे विचारायला तिला पंचायतीची पायरी चढावी लागली असती. पण हिशेब दिसला म्हणजे त्यावर भरवसा बसतोच असं नाही. तो का बसत नाही आणि कशाने बसेल, हे समजून घ्यायचं तर आधी ही यंत्रणा चालते कशी ते बघावं लागेल.

पैसा कुठून येतो

७३ वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ रोजी अमलात आली आणि ग्रामपंचायतीला राज्यघटनेत जागा मिळाली. त्यानंतर केंद्राच्या वित्त आयोगाचा पैसा गावापर्यंत येऊ लागला. चौदाव्या आयोगाने २०१५ ते २०२० या काळासाठी देशभरच्या ग्रामपंचायतींना दोन लाख कोटींहून अधिक रुपये दिले. पंधराव्या आयोगाने २०२१ ते २०२६ या पाच वर्षांसाठी ग्रामीण स्थानिक संस्थांना २,३६,८०५ कोटी रुपयांची शिफारस केली. महाराष्ट्रात त्यातले ८० टक्के ग्रामपंचायतीला आणि प्रत्येकी १० टक्के पंचायत समिती व जिल्हा परिषदेला, अशी वाटणी ठरली.

यातला ६० टक्के निधी ‘बंधित’, म्हणजे पिण्याचं पाणी आणि स्वच्छता यांसाठीच. उरलेला ४० टक्के ‘अबंधित’. तो गावाच्या गरजेप्रमाणे वापरता येतो, मात्र पगार आणि कार्यालयीन खर्चासाठी नाही. हे दोन शब्द आता गावात चहाच्या टपरीवरही ऐकू येतात.

पंधराव्या आयोगाने एक महत्त्वाची अट घातली. आदल्या वर्षाचे तात्पुरते लेखे आणि त्याच्याही आधीच्या वर्षाचे तपासलेले लेखे लोकांना ऑनलाइन बघता येतील असे ठेवा, तरच अनुदान मिळेल. महाराष्ट्रातल्या सुमारे २८ हजार ग्रामपंचायतींचे आकडे पोर्टलवर दिसतात त्यामागे या अटीचा मोठा हात आहे. अट चांगलीच आहे. तिचा एक परिणाम मात्र ध्यानात ठेवायला हवा. आकडे भरण्याची घाई अनुदानाच्या तारखेसाठी होते. काकू ते वाचणार आहे हे भरणाऱ्याच्या मनातही नसतं, आणि भरलेल्या नोंदीत ते लगेच जाणवतं.

पान उघडल्यावर काय दिसतं

‘ई-ग्रामस्वराज’ २४ एप्रिल २०२० रोजी, पंचायत राज दिनाला सुरू झालं. त्याआधी नियोजनासाठी ‘प्लॅनप्लस’, लेख्यांसाठी ‘प्रियासॉफ्ट’ अशा निरनिराळ्या प्रणाली होत्या. त्या इथे एकत्र आल्या. बघणाऱ्याला नाव नोंदवावं लागत नाही, पासवर्ड लागत नाही. राज्य, जिल्हा, तालुका, ग्रामपंचायत, आर्थिक वर्ष निवडत गेलं की आराखडा, जमा, खर्च आणि प्रत्येक व्हाउचर समोर येतं. व्हाउचरवर तारीख, क्रमांक, रक्कम, लेखाशीर्ष आणि थोडक्यात तपशील असतो.

हा ‘थोडक्यात तपशील’ जरा जवळून बघू. आपल्याकडे कामाला नाव द्यायची जुनी पद्धत आहे, ‘अमुक यांचे घर ते तमुक यांचे घर गटार बांधकाम’. ग्रामसभेच्या ठरावात, अंदाजपत्रकात असंच लिहितात. शहरातल्या माणसाला ते विचित्र वाटेल, पण तपासणीसाठी याहून सोयीचं नाव सापडणार नाही. दोन्ही टोकं नावातच आहेत. शाळेतलं पोरही पावलं टाकून काम मोजू शकेल. पोर्टलवर मात्र हे नाव आखडून ‘बंदिस्त गटार वॉर्ड २’ एवढंच उरतं, आणि पुष्कळदा तेही रोमन लिपीत. कुठून कुठपर्यंत ते गेलं. किती मीटर, किती रुंद, झाकणं किती, हेही गेलं. उरली फक्त रक्कम. रक्कम खरी असली तरी ती कशाशी ताडून बघायची याचा धागा वाचणाऱ्याच्या हाती राहत नाही.

पूर्वी पंचायतीत १ ते ३३ नमुन्यांच्या वह्या असत, अजूनही आहेत. नमुना ५ म्हणजे रोकडवही, नमुना ८ म्हणजे घरपट्टीच्या आकारणीची वही. आठचा उतारा काय असतो हे गावातल्या निरक्षर माणसालाही ठाऊक असतं, कारण तो त्याच्या कामी येतो. पोर्टलवरचा हिशेब अजून कुणाच्या तसा कामी येत नाही.

कोऱ्या चेकपासून डोंगलपर्यंत

आधी पंचायतीचा खर्च चेकने होई आणि चेकवर सरपंच आणि ग्रामसेवक दोघांच्या सह्या लागत. सरपंच शेतावर असतो, बाजाराला जातो, मग सोय म्हणून पाच-दहा कोऱ्या चेकांवर आधीच सह्या घेऊन ठेवलेल्या असत. ही गोष्ट गावोगाव सगळ्यांना माहीत होती आणि अपहाराच्या कितीतरी प्रकरणांची सुरुवात तिथूनच झाली.

आता वित्त आयोगाचा पैसा ‘पीएफएमएस’ या केंद्राच्या प्रणालीतून थेट ठेकेदाराच्या किंवा पुरवठादाराच्या बँक खात्यात जातो. ग्रामसेवक, म्हणजे नव्या नावाने ग्रामपंचायत अधिकारी, देयक तयार करतो आणि सरपंच त्याला मान्यता देतो. दोघांचीही डिजिटल सही लागते. ती एका छोट्या डोंगलमध्ये असते, गावात तिला ‘डीएससी’ म्हणतात. कोणत्या तारखेला किती पैसे कुणाच्या खात्यात गेले याचा माग कायमचा राहतो. रोखीचा व्यवहार आणि बेअरर चेक या वाटेवरून हद्दपार झाले, हा खरोखर फार मोठा फायदा आहे.

पण दोन सह्यांमागचा विचार असा होता की दोन माणसांनी एकमेकांवर नजर ठेवावी. दोन्ही डोंगल एकाच टेबलाच्या खणात राहत असतील आणि दोन्हींचे पिन एकाच चिठ्ठीवर लिहिलेले असतील, तर संगणकाला दोन सह्या दिसतात, पण पाहणारा माणूस एकच असतो. संगणक परिचालक भला असेल, ग्रामसेवक सज्जन असेल, तरीही हे चूकच आहे. महाराष्ट्रात पंचायतीच्या निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत. सरपंचबाईंचा डोंगल आणि ओटीपी येणारा मोबाइल नवऱ्याच्या किंवा दिराच्या खिशात असेल, तर लोकांनी निवडून दिलेल्या बाईच्या नावावर भलताच माणूस पैसे खर्च करतो. अशी एकही सही पोर्टलवर खोटी दिसत नाही. म्हणून मला वाटतं, गावाने ग्रामसभेत सर्वांत आधी विचारावा असा प्रश्न हा: बाई, तुमचा डोंगल कुठे आहे?

फोटो कशाचा पुरावा

वित्त आयोगाच्या कामांचे तीन फोटो चढवायचे असतात: काम सुरू होण्याआधीचा, चालू असतानाचा आणि पूर्ण झाल्यावरचा. फोटोसोबत जागेचे अक्षांश-रेखांश जोडले जातात. त्यामुळे न बांधलेल्या समाजमंदिराचं बिल काढणं अवघड झालं. अर्धवट किंवा कच्च्या कामाचं बिल काढणं तेवढं अवघड झालेलं नाही, कारण काँक्रीट चार इंच आहे की सहा हे फोटोत कळत नाही.

मनरेगाच्या कामांवर हजेरीचा फोटो चढवणारं ॲप १ जानेवारी २०२३ पासून देशभर सक्तीचं झालं होतं. दिवसातून दोनदा मजुरांचा फोटो काढायचा. जुलै २०२५ मध्ये केंद्राच्या ग्रामविकास मंत्रालयानेच राज्यांना लिहिलं की काही ठिकाणी कामाशी संबंध नसलेले फोटो चढवले जातात, तर काही ठिकाणी जुन्या फोटोचाच पुन्हा फोटो काढला जातो. मग आदेश निघाला: गावपातळीवर सगळे फोटो माणसाने तपासावेत. म्हणजे यंत्राच्या हजेरीवर पुन्हा माणूस नेमावा लागला. दरम्यान, डोंगरी भागात रेंज नाही म्हणून फोटो चढला नाही, तर राबलेल्या मजुराचा दिवस बुडायचा. त्या मजुराला ‘पारदर्शकता’ हा शब्द कसा ऐकू येत असेल याचा विचार योजना आखणाऱ्यांनी करायला हवा.

एकाच वर्षाचे तीन आकडे

गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दर काही महिन्यांनी एक स्क्रीनशॉट फिरतो: ‘आपल्या गावाला ६० लाख आले, कुठे गेले?’ खाली शंभर संतापलेले संदेश येतात. बहुतेक वेळा तो आकडा आराखड्याचा असतो. गावाचा विकास आराखडा दरवर्षी पोर्टलवर चढतो. त्यात यावर्षी करायच्या कामांची अंदाजी किंमत असते. प्रत्यक्ष जमा झालेली रक्कम वेगळी, आणि खर्च झालेली त्याहून वेगळी. हप्ता मार्चअखेर आला तर एका वर्षाची जमा दुसऱ्या वर्षाच्या खर्चात दिसते. शिवाय लोकनियुक्त मंडळ नसेल तर वित्त आयोगाचा हप्ता अडतो. २०२२ नंतर राज्यातल्या बहुतेक जिल्हा परिषदांवर निवडणुकांअभावी प्रशासक होते आणि त्यांच्या वाट्याचा निधी त्यामुळेच रखडला.

हे तीन आकडे शेजारी-शेजारी, मराठीत, समजावून मांडले असते तर निम्मी भांडणं मिटली असती. प्रामाणिक ग्रामसेवकाचं या गैरसमजाने फार नुकसान होतं. सर्व्हर चालत नाही, डीएससीची मुदत संपली, पुरवठादाराच्या खात्याचा तपशील जुळत नाही, अशा कारणांनी देयक अडतं. गावाला मात्र वाटतं की टक्केवारीसाठीच अडवलंय. हिशेब समजेल असा मांडणं हे त्याच्याही बचावासाठी गरजेचं आहे.

पोर्टलबाहेरचा पैसा

गावात दिसणारं प्रत्येक काम ग्रामपंचायतीचं नसतं. रस्त्याच्या कडेच्या फलकावर ‘२५१५’ असं दिसतं तो ग्रामविकास विभागाचा निधी. स्मशानभूमीची शेड ‘जनसुविधे’तून होते, हायमास्ट दिवा आमदार निधीतून, पाण्याची टाकी जलजीवन मिशनमधून, वस्तीतला रस्ता दलित वस्ती सुधार योजनेतून. या प्रत्येकाची यंत्रणा वेगळी, ठेकेदार वेगळा, हिशेबाची जागा वेगळी. वित्त आयोगाच्या पोर्टलवर यातलं बरंच काही सापडणार नाही. कुणी ठरवून एकाच रस्त्याचं बिल दोन योजनांतून काढलं, तर ते पकडायला दोन्ही यंत्रणांचे कागद शेजारी ठेवावे लागतात, आणि ते आजही फक्त चिवट माणूसच करतो.

मग राहिला स्वनिधी, म्हणजे घरपट्टी, पाणीपट्टी, गाळ्यांचं भाडं, बाजार लिलाव. हा गावाचा स्वतःच्या खिशातला पैसा. त्यातले १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करण्याचा नियम आहे. माझ्या मते सगळ्यात कमी नजर याच पैशावर असते. गावातल्या दिव्यांग माणसाला आपल्या नावाचे ५ टक्के यंदा किती झाले हे एका बटणावर कळायला हवं.

लेखापरीक्षकाचा आक्षेप

आपल्याकडे पंचायतींचे लेखे स्थानिक निधी लेखापरीक्षा विभाग तपासतो. त्यामागचा मूळ कायदा १९३० सालचा, मुंबई इलाख्याचा. लेखापरीक्षक वह्या बघतो आणि आक्षेप लिहितो: प्रमाणक नाही, मोजमाप पुस्तिकेत नोंद नाही, दरपत्रकं मागवली नाहीत, रक्कम वसूलपात्र. पंचायतीने त्याचं अनुपालन करायचं असतं. २०२० पासून ‘ऑडिट ऑनलाइन’ नावाच्या प्रणालीवर हे अहवाल चढू लागले.

कायद्याप्रमाणे पंचायतीचे वार्षिक हिशेब आणि लेखापरीक्षणाची टिप्पणी ग्रामसभेपुढे ठेवायची असते. वाचकहो, आपल्या गावच्या ग्रामसभेत लेखापरीक्षकाचा आक्षेप मोठ्याने वाचल्याचं आठवतंय का कुणाला? मी जिथे जिथे विचारलं तिथे उत्तर ‘नाही’ असंच आलं. आक्षेपाची भाषाही अशी की ‘वसूलपात्र’ म्हणजे कुणाकडून वसूल करायचे आणि ते केले का, हे शेवटपर्यंत उलगडत नाही. आक्षेप ऑनलाइन आला, पण त्याचं पुढे काय झालं ते त्याच ओळीत दिसत नसेल, तर वाचणाऱ्याचा संशय वाढतो. हे मला या साऱ्या व्यवस्थेतलं सगळ्यात दुखरं ठिकाण वाटतं.

इतरांनी करून बघितलेलं

बिहारमध्ये २०१२-१३ साली एक मोठा प्रयोग झाला. मनरेगाचा पैसा अंदाजाने आगाऊ पाठवण्याऐवजी, पंचायतीने मजुरांची नावं आणि मजुरी संगणकात भरली की तेवढाच पैसा सोडायचा आणि मधल्या कचेऱ्यांची मंजुरी काढून टाकायची. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा अभ्यास केला. खर्च २४ टक्क्यांनी उतरला, पण घरोघरच्या पाहणीत लोकांना मिळालेलं काम आणि मजुरी कमी झालेली आढळली नाही. यादीतली खोटी कुटुंबं घटली. म्हणजे पैशाच्या वाटेची डिजिटल राखण खरोखर काम करते. ‘ॲप-बिप सगळं थोतांड’ म्हणणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं.

दुसरा अनुभव इंडोनेशियातला. जावा बेटावर सहाशेहून अधिक गावांत रस्ते होत होते. अर्थतज्ज्ञ बेंजामिन ओल्केन यांनी अभियंत्यांकरवी रस्ते खणून आत खडी-वाळू किती आहे ते मोजलं आणि खर्चाशी ताडून बघितलं. जिथे ‘सरकारी तपासणी नक्की येणार’ असं आधी सांगितलं होतं, तिथे गायब होणाऱ्या रकमेचं प्रमाण ८ टक्के बिंदूंनी कमी झालं. ग्रामस्थांना सभेला आवर्जून बोलावल्याने मजुरीतली गळती कमी झाली, साहित्यातली झाली नाही. कारण उघड आहे. आपल्याला किती मजुरी मिळाली ते मजुराला कळतं. रस्त्याखाली किती खडी आहे ते कुणालाच दिसत नाही. तेव्हा नुसत्या ग्रामसभेवर सगळं सोपवणंही भाबडेपणाचं आहे. लोकांच्या हाती मोजमाप दिलं तरच ते तपासू शकतील.

ब्राझीलमध्ये २००३ पासून लॉटरी काढून नगरपालिका निवडल्या जात आणि त्यांचे हिशेब तपासून अहवाल जाहीर होत. फेराझ आणि फिनान या अभ्यासकांना आढळलं की भ्रष्टाचार उघड झालेल्या महापौरांना पुढच्या निवडणुकीत फटका बसला, आणि जिथे स्थानिक रेडिओ होता तिथे तो अधिक बसला. अहवाल सगळीकडे सारखाच जाहीर झाला होता. फरक पडला, तो अहवाल माणसाच्या कानापर्यंत पोचला तिथे.

आणि आपल्या देशात या साऱ्याच्या आधी राजस्थान आहे. पाली जिल्ह्यातल्या कोट किराना गावी २ डिसेंबर १९९४ रोजी मजदूर किसान शक्ती संघटनेने पहिली जनसुनावणी घेतली. हजेरीपट आणि बिलं गावासमोर मोठ्याने वाचली आणि ज्यांच्या नावावर मजुरी निघाली होती त्यांनाच विचारलं. तिथून सुरू झालेल्या आंदोलनातून, आणि महाराष्ट्रात अण्णा हजारे यांच्या उपोषणांतून, माहिती अधिकाराचे कायदे आले. देशाचा कायदा २००५ चा आहे. त्याच्या चौथ्या कलमात, कुणी न मागता माहिती जाहीर करावी असं स्पष्ट म्हटलं आहे. राजस्थानने २०१९ मध्ये ‘जन सूचना पोर्टल’ काढलं तेव्हा ज्यांनी हजेरीपट वाचले होते त्याच संघटनेची माणसं काय दाखवायचं हे ठरवायला बसली होती. पोर्टल कुणाला विचारून बनवलं, याने फार फरक पडतो.

ग्रामसभेत काय झालं

आपल्या कायद्यात वर्षाला किमान चार ग्रामसभा सांगितल्या आहेत. बहुतेक ठिकाणी २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवशी त्या होतात. गणपूर्तीला १५ टक्के मतदार किंवा १०० जण, यांपैकी जो आकडा कमी असेल तो. तेवढे जमले नाहीत तर सभा तहकूब, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नाही. या सवलतीमुळे वीस माणसांत गावाचा हिशेब मंजूर होतो.

यंदाच्या २६ जानेवारीला काकू गेली. सोबत बोळातल्या आठ-दहा बायका. चुलतभावाने पोर्टलवरचं पान छापून दिलं होतं. तिने पान पुढे केलं आणि म्हणाली, “यात काम पूर्ण लिहिलंय, आणि माझ्या दारापुढे गटार उघडं आहे.” सुरुवातीला गलका झाला. मग ग्रामपंचायत अधिकाऱ्याने कपाटातून मोजमाप पुस्तिका काढली. अंदाजपत्रक ११० मीटरचं होतं. निधी मिळाला ६० मीटरपुरता. काम ६० मीटरच झालं, मापही ६० मीटरचंच नोंदलं होतं आणि बिलही तेवढ्याचंच निघालं होतं. पोर्टलवर ‘पूर्ण’ लिहिलं गेलं ते त्या ६० मीटरांबद्दल. त्या टप्प्यात कुणी पैसे खाल्लेले नव्हते.

तीन महिने आमचा अख्खा बोळ सरपंचाला चोर समजत होता. ‘६० मीटर, मारुती मंदिर रस्ता ते अमुक यांचे घर, उर्वरित ५० मीटर पुढील वर्षी’ एवढी एक ओळ पोर्टलवर असती तर ही वेळ आली नसती. सरपंचांनाही ते लागलं असणार. सभा संपल्यावर ते काकूच्या पाया पडले आणि म्हणाले, “काकी, आधीच विचारायचं ना.” काकू म्हणाली, “विचारायला आज बोलावलंत.”

काय करता येईल

माझं मत स्पष्ट आहे. पोर्टल राहिलं पाहिजे, त्यावरचा एकही आकडा कमी होता कामा नये. पण त्यात कामाचं पूर्ण नाव, दोन्ही टोकांसह आणि मराठीत हवं. रकमेशेजारी माप हवं आणि मोजमाप पुस्तिकेच्या पानाचा फोटो हवा. अशा पुस्तिका आजही प्रत्येक कामाच्या असतात, नवं काही लिहायचं नाही. लेखापरीक्षणाच्या आक्षेपापुढे त्याचं काय झालं ते तारखेसह हवं. गावात कुठल्याही योजनेतून झालेली सगळी कामं एकाच पानावर यायला हवीत. आणि ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही त्यांच्यासाठी हेच पान छापून पंचायतीच्या भिंतीवर, रेशन दुकानात आणि अंगणवाडीत लावलं पाहिजे. यातलं काहीही तंत्रज्ञानाच्या दृष्टीने अवघड नाही.

सरकार हे करीपर्यंत आपण एक करू शकतो. गावातलं एकच काम निवडा. त्याचं व्हाउचर पोर्टलवरून छापून घ्या, टेप घेऊन ते मोजा आणि ग्रामसभेच्या आधी ग्रामपंचायतीत जाऊन मोजमाप पुस्तिका दाखवायला सांगा. दाखवली नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो, उत्तर ३० दिवसांत द्यावं लागतं आणि त्यानंतर अपिलाची सोय आहे. जाताना एकटे जाऊ नका, शेजाऱ्यांना घेऊन जा. आणि माप बरोबर निघालं तर तेही ग्रामसभेत उभं राहून सांगा.

आमच्या बोळातल्या उरलेल्या ५० मीटरांचं काम यंदाच्या आराखड्यात आहे. १ मेला काकू पुन्हा जाणार आहे, टेप तिने आत्ताच मागवून ठेवली आहे.